वाचकांचे प्रश्न : फोन लागला, मग पुढे काय झालं?

प्रश्न : दिघा आणि इलठणपाडा भागातल्या वस्त्यांमध्ये आमची छोटी संस्था काम करते. दीड वर्षापासून आम्ही गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांच्या आयांना आठवड्यातून एकदा फोनवर आवाजी निरोप पाठवतो. लोहाच्या गोळ्या, तपासण्या, लसीची वेळ, अंगावरचं दूध असे विषय असतात. आम्हाला पैसे देणाऱ्या कंपनीचं पत्र आलंय की 'परिणाम काय झाला ते दाखवा'. किती कॉल गेले याचा आकडा आमच्याकडे आहे. शिवाय चाळीस बायकांना फोन करून विचारलं, तर जवळजवळ सगळ्याच म्हणाल्या की माहिती खूप उपयोगी पडली. एवढं पुरेल का? हातात सहा महिने आहेत, वेगळे पैसे नाहीत.
एक कार्यकर्ती, दिघा

उत्तर : ताई, कंपनीला कदाचित पुरेल, पण तुमच्या वस्तीला नाही. तुम्ही मनापासून विचारलंय, म्हणून मीही सविस्तर लिहिते.

कॉल किती गेले हा तुमच्या यंत्राचा हिशोब झाला. त्यातले किती लागले, किती उचलले गेले, किती शेवटपर्यंत ऐकले गेले, ते कुणी ऐकले, ऐकून काय समजलं आणि समजल्यावर काही बदललं का, या सगळ्या पुढच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीवर माणसं गळतात. शंभर बायकांची यादी घ्या आणि एकेक पायरी उतरत जा. आधी नंबरच चुकीचे निघतील. मग काहींचा रिचार्ज संपलेला असेल, आणि हल्ली ठरावीक दिवस रिचार्ज केला नाही की इनकमिंगही बंद होतं. महिनाअखेरीला तुमच्या यादीत 'फोन बंद' वाढतात का, ते तारखा लावून बघा. वाढत असतील तर निरोप पहिल्या दहा तारखांत पाठवून पाहा. याला एक पैसा लागत नाही.

'ऐकला' या नोंदीवर तर मी कधीच एकदम विश्वास ठेवत नाही. यादवनगरात एका घरी मी सर्वेक्षणासाठी गेले होते. बाईला सहावा महिना. पत्र्याची खोली, गॅसवर डाळ शिजत होती आणि भिंतीच्या खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत तिचं माता व बाल संरक्षण कार्ड टांगलेलं. यादीप्रमाणे तिने जवळपास सगळे निरोप पूर्ण ऐकले होते. मी शेवटच्या निरोपाबद्दल विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. नंबर नवऱ्याचा होता. तो रबाळे एमआयडीसीत कामाला, फोन त्याच्याच खिशात. संध्याकाळी सातला निरोप यायचा तेव्हा तो सहकाऱ्यांबरोबर बसमध्ये असायचा. फोन उचलायचा, बाळाच्या हालचालींबद्दल कुणी बाई बोलतेय हे कळलं की संकोचून तसाच खिशात टाकायचा. कट करत नसे, कारण त्याला वाटायचं की कट केला तर पुढचे फोन बंद होतील आणि बायकोचं नुकसान होईल. खिशात वाजून संपलेला तो निरोप संगणकात 'पूर्ण ऐकला' म्हणून नोंदला जात होता. माणूस वाईट नव्हता. घरी आल्यावर तो तिला 'गोळ्या चुकवू नको म्हणतात' एवढं सांगायचा, आणि ती खरंच चुकवत नव्हती. आता हे यश धरायचं की अपयश? माझ्या मते दोन्ही नोंदवायचं: बाईपर्यंत निरोप गेला नाही, घरात मात्र एक वाक्य पोचलं.

अशी घरं अपवाद नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या बायकांचं देशातलं प्रमाण ५४ टक्के होतं. त्यामुळे तुमच्या नोंदणीच्या तक्त्यात 'फोन कुणाचा' आणि 'फोन घरी कधी असतो' हे दोन रकाने आजच घाला.

आता त्या चाळीस जणी. तुम्ही त्यांना फोन करून विचारलंत, म्हणजे ज्या फोन उचलतात त्यांनाच विचारलंत. ज्यांच्यापर्यंत कार्यक्रम पोचत नाही त्या या चाळिसांत असूच शकत नाहीत. शिवाय विचारणाऱ्या तुम्हीच. आपल्याकडची बाई दारात आलेल्या किंवा फोन केलेल्या ताईला 'तुमचा काही उपयोग झाला नाही' असं तोंडावर सांगणार नाही. त्यामुळे विचारणारी व्यक्ती तुमच्या संस्थेबाहेरची हवी. जवळच्या महाविद्यालयातल्या समाजकार्याच्या विद्यार्थिनी चालतील. आणि प्रश्न मताचे नकोत, कृतीचे हवेत.

कृतीचे म्हणजे कसे? 'बाळाला फक्त अंगावरचं दूध देता ना?' असं विचारलं की उत्तर 'हो' येणारच. त्याऐवजी 'काल सकाळपासून आज सकाळपर्यंत बाळाच्या तोंडात काय काय गेलं?' असं विचारा आणि एकेक नाव घ्या: पाणी, गुटी, मध, ग्राइप वॉटर, वरचं दूध, साखरपाणी. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धतही हीच, मागच्या चोवीस तासांचं विचारायचं. माझा अनुभव असा की 'हो, फक्त अंगावरचं' म्हणणारी आईच गुटीचं नाव निघालं की सहज सांगते, 'ती तर रोज आंघोळीनंतर देतेच.' तिच्या दृष्टीने गुटी म्हणजे खाणं नव्हेच. लोहाच्या गोळ्यांचं विचारताना 'घेता का' म्हणू नका, पाकीट दाखवायला सांगा आणि उरलेल्या गोळ्या मोजा. गरोदरपणात किमान १८० गोळ्या घ्यायच्या असतात, त्यातल्या किती मिळाल्या आणि किती पोटात गेल्या हे वेगवेगळं लिहा. लसीसाठी कार्डावरची तारीख बघा. पेंटा या पाच रोगांवरच्या लसीचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात. डोस मिळाला का एवढंच पाहू नका, वेळेवर मिळाला का तेही पाहा, कारण आठवणीच्या फोनचा खरा उपयोग तिथेच दिसायला हवा.

यापुढचा भाग अवघड आहे. समजा तुमच्या वस्तीत दीड वर्षापूर्वीपेक्षा आज जास्त बाळांना वेळेवर लस मिळतेय. ती तुमच्या फोनमुळे की आणखी कशामुळे? त्याच काळात आशाताई घरोघर फिरत होत्या, मातृवंदना योजनेचे पैसे येत होते, लसीकरणाच्या मोहिमा झाल्या. आधी आणि नंतर एवढंच ठेवलंत तर सगळ्यांच्या कामाचं श्रेय तुमच्या खात्यावर जमा होतं. म्हणून त्याच काळातल्या, तशाच परिस्थितीतल्या पण फोन न मिळालेल्या बायका शेजारी ठेवाव्या लागतात. तुम्ही असं करू शकता: यापुढे ज्या नव्या वस्त्यांत जाणार आहात, त्यांची अंगणवाडीनुसार यादी करा आणि चिठ्ठ्या टाका. निम्म्या अंगणवाड्यांत फोन लगेच सुरू करा, उरलेल्या ठिकाणी सहा महिन्यांनी. तपासणी, गोळ्या, लस, आशाताईची भेट यांतलं काहीही कुणाचं थांबत नाही, फक्त तुमचा निरोप उशिरा सुरू होतो. एकेका बाईची चिठ्ठी टाकू नका. एकाच चाळीत एकीला फोन येतो आणि शेजारणीला नाही, तर नळावर ते बोलणं होतंच.

संख्येचं मात्र मन घट्ट करून ऐका. वेळेवर डोस मिळण्याचं प्रमाण समजा ६० टक्के आहे आणि ते ७० वर गेलं हे खात्रीने दाखवायचंय, तर प्रत्येक बाजूला साडेतीनशेच्या आसपास बाळं लागतात. अंगणवाडीनुसार वाटणी केली की त्याहूनही जास्त. चाळीस-चाळीसच्या गटांत वीस टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. तेवढी बाळं सहा महिन्यांत मिळणार नसतील तर 'आमच्यामुळे लसीकरण वाढलं' असं अहवालात लिहू नका. त्याऐवजी वरच्या सगळ्या पायऱ्यांवरची गळती प्रामाणिकपणे मोजा, न उचलणाऱ्या तीस-चाळीस जणींच्या घरी जाऊन कारणं लिहून काढा आणि कंपनीला तेच द्या. चांगल्या गळतीच्या अहवालाने कार्यक्रम सुधारतो. ओढूनताणून काढलेल्या परिणामाने फक्त पुढच्या वर्षीचे पैसे मिळतात.

मोठ्या अभ्यासांतही निकाल संमिश्रच आहेत, म्हणून तुम्ही एकट्या पडणार नाही. तुमच्यासारखेच आवाजी निरोप पाठवणारी सरकारची 'किलकारी' सेवा २०१६ साली सुरू झाली. तिची चाचणी मध्य प्रदेशातल्या चार जिल्ह्यांत ५,०९५ गरोदर बायकांवर, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून झाली. २०२२ मध्ये तिचे निकाल छापून आले. फक्त अंगावरचं दूध देण्याच्या बाबतीत फोन मिळालेल्या आणि न मिळालेल्या बायकांमध्ये फरक दिसला नाही. पाळणा लांबवण्याची तात्पुरती साधनं वापरण्याचं प्रमाण मात्र फोन मिळालेल्यांत थोडं जास्त निघालं. मला हे निकाल फार बोलके वाटतात. बाळाच्या तोंडात काय जायचं हे आपल्याकडे सासू, आई, मालिशवाली अशा अनेकजणी ठरवतात, एका फोनने ते हलत नाही. नवरा-बायकोत बोलून ठरवायच्या गोष्टीला कदाचित त्या फोनने तोंड फुटत असेल.

आफ्रिकेतल्या झांझिबारमध्ये २४ आरोग्य केंद्रांतल्या सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास झाला होता. तिथे संदेशांबरोबर आरोग्य कर्मचाऱ्यांना फोन करण्यासाठी बायकांना टॉकटाइमही दिला होता. प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून बाळंतपण झालेल्यांचं प्रमाण संदेश मिळालेल्यांत ६० टक्के आणि न मिळालेल्यांत ४७ टक्के निघालं. पण हा फायदा शहरी बायकांनाच झाला, खेड्यातल्यांपर्यंत तो गेला नाही. सरासरीवर थांबले असते तर हे कधी कळलंच नसतं. तुम्हीही निकाल फोडून बघा: स्वतःचा फोन असलेल्या आणि नसलेल्या, मराठी-हिंदी नीट कळणाऱ्या आणि घरात तेलुगू, कन्नड किंवा लमाणी बोलणाऱ्या. तुमच्याकडच्या दगडखाणींच्या आजूबाजूच्या पाड्यांत हा प्रश्न हमखास येणार.

केनियातलं एक उदाहरण तुमच्या लसीच्या निरोपाला लागू पडतं. तिथे १५२ गावांत नुसता एसएमएस, एसएमएस आणि ७५ शिलिंग, एसएमएस आणि २०० शिलिंग, आणि यांतलं काहीच नाही, असे चार गट केले. एक वर्षाच्या आत पूर्ण लसीकरण झालेली बाळं काहीच न मिळालेल्या गटात ८२ टक्के, पहिल्या दोन गटांत ८६ आणि २०० शिलिंगच्या गटात ९० टक्के. खात्रीने सांगता येण्याजोगा फरक फक्त शेवटच्या गटात होता. आई विसरत नाही, तिची मजुरी बुडते, रिक्षाचे पैसे जातात. तुमच्या वस्तीत लस चुकण्याचं खरं कारण विसरणं आहे का, हे आधी शोधा. लसीकरणाचा दिवस आणि पाणी यायची वेळ एकच असेल तर कितीही गोड आवाजातला निरोप कामाचा नाही.

आणखी एक गळती लक्षात ठेवा, ती आपल्याकडचीच. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी माहेरी जाते. जालना, बीड, सातारा, कुठेही. तिथे दुसरं सिम, दुसरं आरोग्य केंद्र. बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर ती परत येते. नेमक्या याच काळात तुमचे सर्वांत महत्त्वाचे निरोप असतात. या बायकांना हिशोबातून वगळलंत तर उरतात त्या फक्त इथेच बाळंत झालेल्या, आणि त्या बऱ्याचदा वेगळ्या परिस्थितीतल्या असतात. नोंदणीच्या वेळीच माहेरचा एक नंबर मागून ठेवा.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. फोनमध्ये वेगवेगळी ॲप, शिवाय रजिस्टर लिहायचं ते वेगळंच. एकच माहिती दोन-तीन ठिकाणी भरते. नेट नसलं की नोंद रात्री घरी जाऊन करते, मग भेट त्या दिवशी झालीच नाही असं दिसतं. आमच्या नोंदींवरूनच कार्यक्रम चांगला की वाईट ते ठरवतात. हे बरोबर आहे का?
आशा सेविका, लोकमान्यनगर, ठाणे

उत्तर : बरोबर नाही, आणि हे ठामपणे सांगायला मला काहीही अडचण वाटत नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालं की तुम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. ॲपला कळतं ते बटण कधी दाबलं एवढंच. चौथ्या मजल्यावर बिनलिफ्टच्या इमारतीत जाऊन तुम्ही बाळाचं वजन केलं, बेंबी पाहिली, छाती आत ओढली जातेय का पाहिलं, आईला दूध नीट उतरत नव्हतं म्हणून अर्धा तास बसलात, यातलं त्याला काही कळत नाही. म्हणून ॲपच्या नोंदीवरून कार्यक्रम जोखायचा असेल तर आधी नोंदीच जोखाव्या लागतात. त्याची साधी रीत आहे. काही घरं चिठ्ठीने निवडायची, तिथे तिसऱ्या कुणीतरी जाऊन आईला विचारायचं की कोण आलं, कधी आलं, काय केलं, आणि मग ॲप, रजिस्टर आणि आईचं उत्तर शेजारी ठेवायचं. चुका दोन्ही बाजूंच्या निघतात. न झालेली भेट भरलेली असते, तशी झालेली भेट न भरलेलीही असते. तपासणाऱ्यांना पहिली चूक शोधायची घाई असते, दुसरीची नोंद क्वचितच होते. तीच तुमची तक्रार आहे.

ॲप मुळात वाईट असतं असं मी म्हणणार नाही. गुजरातेत आदिवासी भागातल्या आशांसाठी 'इमटेको' नावाचं ॲप केलं होतं. त्याची २२ प्राथमिक आरोग्य केंद्रांत चाचणी झाली: निम्म्या केंद्रांत ॲप, निम्म्यांत नेहमीचं काम. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात आशाताईच्या किमान दोन भेटी झालेल्या बाळांचं प्रमाण ॲपच्या बाजूला सुमारे दहा टक्क्यांनी जास्त निघालं. पण त्या ॲपमध्ये आज कुठल्या घरी जायचं ते आशाला दिसत होतं आणि बाळ गंभीर असेल तर वरच्या केंद्रात कळत होतं. म्हणजे ते तिच्या कामाला येत होतं. फक्त वर आकडे पाठवण्यासाठी केलेल्या ॲपकडून तसा निकाल मागणं अन्यायाचं आहे.

२०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी ताईंनी सरकारी मोबाईल परत केले होते ते तुम्हाला आठवत असेल. फोन चालत नव्हते आणि नोंदी भरायचं 'पोषण ट्रॅकर' हे ॲप इंग्रजीत होतं. त्याही वेळी मला वाटलं होतं की कार्यक्रमाच्या मूल्यमापनात 'कर्मचाऱ्याचा यावर किती वेळ जातो' हा रकाना सक्तीचा करायला हवा.

तुमच्या हातात आज काय आहे? रजिस्टरमध्ये भेटीची तारीख आणि वेळ जागेवरच लिहा, ॲपमध्ये नंतर भरली तर शेजारी 'नेट नव्हतं' असं दोन शब्दांत टाका. महिन्याच्या बैठकीत गटप्रवर्तक ताईंपुढे या उशिराच्या नोंदींची यादी ठेवा. एकटीने ठेवू नका, चार-पाच जणींनी मिळून ठेवा. तक्रार एकीची असेल तर बाजूला पडते, पाच रजिस्टरं एकदम टेबलावर आली की बघावंच लागतं.

प्रश्न : मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आई-बाळाच्या आरोग्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारं काही मोफत करून द्यायची इच्छा आहे. याचा खरंच उपयोग होतो असं कुणी सिद्ध केलंय का?
एक वाचक, घणसोली

उत्तर : काही प्रमाणात, हो, आणि ते काम आपल्या मुंबईतच झालंय. 'अरमान' ही संस्था स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये सुरू केली. तिची 'एममित्र' ही आवाजी निरोपांची सेवा. त्यात कालांतराने बऱ्याच बायका ऐकणं सोडतात. संस्थेच्या माणसांनी प्रत्यक्ष फोन करून विचारपूस केली तर काहीजणी परत ऐकू लागतात, पण सगळ्यांना फोन करायला माणसं कुठून आणायची? मग या आठवड्यात कुणाला फोन केला तर सर्वांत जास्त फरक पडेल, हे गूगलच्या संशोधकांबरोबर केलेल्या संगणकीय पद्धतीने ठरवायचं असं झालं. २३,००३ बायकांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीचीच सेवा, दुसऱ्यात क्रमाने एकेकीला फोन, तिसऱ्यात पद्धतीने निवडलेल्यांना फोन. ऐकणं घटण्याचं प्रमाण तिसऱ्या गटात नेहमीच्या सेवेपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी झालं. क्रमाने फोन केलेल्या गटात मात्र सांगण्याजोगा फरक पडला नाही. म्हणजे मेहनत तेवढीच, फरक पडला तो कुणाला फोन करायचा यामुळे.

मला या अभ्यासाबद्दल आदर आहे, मुख्यतः तुलनेचे दोन गट ठेवले म्हणून. नुसतं 'आमची पद्धत वापरली आणि बायका परत आल्या' असं सांगून ते मोकळे होऊ शकले असते. पण त्यात मोजलं ते ऐकणं. त्या बाईच्या रक्तातलं हिमोग्लोबिन वाढलं का, बाळाचं वजन नीट वाढलं का, हा वेगळा आणि पुढचा प्रश्न. तुम्ही काही करणार असाल तर तो पुढचा टप्पा डोळ्यांसमोर ठेवा.

आणखी एक. नवं ॲप बांधू नका. दिघ्याच्या ताईंचं पत्र वर वाचलंतच. त्यांच्यासारख्या संस्थेची यादी नीट लावून द्या, नंबर दुबार आहेत का, कुठल्या तारखेला आणि कुठल्या वेळी फोन लागत नाहीत, कोण सलग तीन आठवडे उचलत नाही, हे एका पानावर मराठीत दिसेल असं करा. आणि माहिती सांभाळा. कुठल्या घरात कोण गरोदर आहे, कुणाचा गर्भपात झाला, कोण पाळणा लांबवतंय, ही माहिती चाळीत फुटली तर एखादीचं घर मोडू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत असे निरोप पाठवायला अनुकूल मत दिलं, ते नाजूक मजकूर आणि खासगी माहिती यांची नीट काळजी घेण्याच्या अटीवरच. फोन दुसऱ्याच्या हातात असतो हे धरूनच निरोपाचं पहिलं वाक्य लिहा. गर्भपात झालेल्या किंवा बाळ गेलेल्या आईला पुढचे निरोप ताबडतोब थांबले पाहिजेत. 'तुमचं बाळ आता दोन महिन्यांचं झालं' असा आवाज त्या घरात जाणं ही मला सगळ्यात क्रूर गोष्ट वाटते. हे थांबवणारी सोय तुम्ही आधी बांधा.

प्रश्न : सुनेला पाचवा महिना आहे. दर आठवड्याला एक फोन येतो आणि त्यात बाई गरोदरपणाची माहिती सांगते. हल्ली फसवणुकीचे फोन किती येतात! हा खरा असतो का? तिने ऐकावा का?
एक सासूबाई, कोपरी, ठाणे

उत्तर : सुनेची नोंद सरकारी केंद्रात झाली असेल तर तो किलकारीचा असण्याची शक्यता आहे. महाराष्ट्रात ही सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत एकूण ७२ निरोप येतात, त्याला पैसे लागत नाहीत. खात्री करायची असेल तर तुमच्या आशाताईला तो नंबर दाखवा.

ओळखायची खूण सोपी आहे. माहितीचा फोन फक्त सांगतो, काही मागत नाही. मातृवंदनेचे किंवा कुठलेही पैसे जमा करायचे आहेत म्हणून कुणी ओटीपी, खाते क्रमांक किंवा आधार क्रमांक विचारला तर तिथेच फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

आणि हो, तिने जरूर ऐकावा, आणि जमेल तेव्हा स्पीकरवर लावून तुम्हीही ऐका. वरच्या उत्तरात मी लिहिलंय की बाळाच्या तोंडात काय जायचं हे घरातल्या मोठ्या बायका ठरवतात. त्यात तुम्ही येता. पण फोनमधली बाई सुनेला तपासू शकत नाही. रक्त जायला लागलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, हातापायांवर आणि तोंडावर सूज आली, बाळाची हालचाल कमी वाटली, तर पुढच्या निरोपाची वाट बघू नका, १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात न्या. ती बाळंतपणाला माहेरी जाणार असेल तर तिचं कार्ड बरोबर द्या आणि जाण्याआधी आशाताईला तिचा तिकडचा नंबर लिहून द्या.